एकतीस तासांचं मेण

१७ सप्टेंबर, रविवार
सकाळी साडेसहाला उठलो. चर्चला गेलो. दुपारी साबिनाकडे जेवलो: कोंबडीचं सूप शेवया घालून, बटाटे, बीट. चारला घरी.
ओतिलियाला, माझ्या बायकोला, जाऊन आज एकोणीस रविवार झाले.
साबिना ही तिची थोरली बहीण. सूप वाढता वाढता म्हणाली, “दिवे कोण करणार या वर्षी?”
मी म्हणालो, “दफनभूमीच्या फाटकाशी विकत मिळतात.”
“मिळतात की. प्लास्टिकचेही मिळतात, बटण दाबलं की पेटणारे. आणून ठेव माझ्या बहिणीवर.”
नंतर तिने पुन्हा विषय काढला नाही. माझ्या ताटात मात्र आणखी एक बटाटा टाकला.
सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, आमच्या घरून थडग्यांवर चार दिवे जातात. तिच्या आईवडिलांना एक, माझ्या आईवडिलांना एक, साबिनाच्या नवऱ्याला एक. चौथा दिवा आजवर मोठ्या क्रॉसपाशी जायचा, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. या वर्षी तो ओतिलियाचा. पहिल्या तारखेला अकराला लावलेला आमचा दिवा दुसऱ्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत जळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातला सकाळीच थंड पडलेला असतो.
दिवे ती करायची. ऑक्टोबरातले दोनतीन दिवस मला म्हणायची, “जा, नदीवर गळ टाकून बस.” मला त्या वासाने डोकं दुखतं, म्हणून मी जायचो. कसे करते ते कधी विचारलं नाही.
संध्याकाळी तळघरात गेलो. धुतलेल्या काचेच्या बरण्या नऊ. भोकं पाडलेली पत्र्याची झाकणं नऊ. वातींच्या चार जुड्या, कशावरही चिठ्ठी नाही. मेण अजिबात नाही. जूनमध्ये मी तळघर साफ केलं तेव्हाही मेण दिसलं नव्हतं. बाटल्या, सडलेले बटाटे, एका बादलीत गोठलेली करडी चरबी, एवढंच होतं. ते सगळं टाकून दिलं होतं.

२० सप्टेंबर, बुधवार
ठरवलं की दिवे मीच करायचे. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली. बरणीत मेण ओतून मध्ये वात उभी करायची, यात कठीण ते काय?
तीन मेणं मागवली: पॅराफिन, पॅराफिनमध्ये दहावा भाग मेण कडक करणारं स्टिअरिन, आणि सोयाबीनचं. पुस्तकात लिहिलंय की बरणीच्या रुंदीवरून वात निवडावी आणि मेणावरून ती बदलावी. वात बारीक असली तर ज्योत मधल्यामध्ये खाली उतरते, कडेचं मेण तसंच राहतं. याला मी ‘विहीर’ म्हणतो. वात जाड असली तर काजळी धरते, काच तापते आणि मेण लवकर संपतं.
ओतिलियाच्या जुड्या मोजल्या. पहिल्या तीन जुड्यांत वाती सुट्या आहेत, चढत्या जाडीच्या. चौथीत त्या दोन-दोन करून दोऱ्याने बांधल्या होत्या. सोडवून मोजल्या. सगळ्यात बारीक निघाल्या, या बरणीला निरुपयोगी. बाजूला ठेवल्या.

२५ सप्टेंबर, सोमवार
पहिली चाचणी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन दिवे ओळीने. दर अर्ध्या तासाने नोंद.
एक गोष्ट लिहून ठेवतो. मला वाटायचं की वात जळते. शाळेत शिकलो होतो तरी वाटायचंच. आज चार तास समोर बसलो. वात जळत नाही, निदान फारशी नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेणाचं तळं होतं, ते तळं वातीतून वर चढतं, वर जाऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे ज्योत स्वतःसाठी खालून मेण वितळवून घेते आणि ते स्वतःच वर ओढते. पाणी वर चढवायला आम्हाला तीन पंप लागायचे. इथे आवाजसुद्धा नाही.
काडीच्या टोकावर थोडी काजळी घेऊन तळ्यात सोडली. कण कडेकडून वातीकडे गेला, तिथे उष्ण झाला, वरून परत कडेला आला, पुन्हा निघाला. पाऊण तास तेच. सूप करपलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार
निकाल लागला. सोयाबीनचं मेण, दुसऱ्या जुडीतली वात. तेहतीस तास. विहीर नाही, काजळी नाही, बरणीला हात लावता येतो. तासाला सात ग्रॅम.
साबिनाला फोन केला.
“तेहतीस तास,” मी म्हणालो.
“कुठे ठेवला होतास?”
“टेबलावर.”
“टेबलावर!” आणि हसत सुटली. तिला खोकला येईपर्यंत हसली. “बरं बरं. तू शिकलेला माणूस. मी कोबी आंबवलाय, रविवारी डबा घेऊन ये.”
यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
दफनभूमीत गेलो. थडग्यावरची पानं झाडली, दगड धुतला. नावाची अक्षरं अजून नवी दिसतात. चाचणी म्हणून एक दिवा दुपारी बाराला लावला. झाकण नीट बसवलं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत जळायला हवा.

१५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी आठला गेलो. विझलेला. नुसता विझलेला नाही, फार आधीच विझलेला. मधोमध बोटभर विहीर, तळाशी गोठलेलं पाणी, मेण काचेपासून सुटून एका बाजूला आकसलेलं. पहाटे उणे तीन होतं. ते मेण थंडीसाठी नव्हतंच. मी बावीस अंशाच्या खोलीत चाचण्या घेत होतो. नदीच्या पाण्याचा नमुना नळाखाली भरावा, तसं झालं.
बरणी हातात घेऊन फाटकाशी आलो. तिथे पेलागियाबाई शेवंतीच्या कुंड्या विकतात. वीस वर्षं तोंडओळख आहे, बोलणं आजच झालं.
“विझला ना?” त्या म्हणाल्या. “दाखवा बघू.” नखाने मेण उकरलं. “हे कसलं? लोण्यासारखं. ओतिलियाबाईंचं मेण असं नसायचं.”
“तिचं कसलं असायचं?”
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “अहो साहेब, थट्टा करता की काय?”
“नाही.”
“सगळ्यांचं असायचं!” त्यांनी फाटकाजवळची लाकडी फळी दाखवली. लोक जळून गेलेल्या बरण्या तिथे ठेवतात, कुणाला लागल्या तर न्याव्यात म्हणून. मागे कचऱ्याचे मोठे डबे. “सण झाला की आठवड्याभराने यायच्या. बोथट सुरी आणि बादली घेऊन. प्रत्येक बरणीच्या बुडाशी थोडं उरतंच ना, ते खरवडायचं. थंडीने बोटं निळी व्हायची. मी चहा द्यायचे. गेल्या वर्षीही आल्या होत्या, बरं नव्हतं तरी. बादली भरून नेली.”
मी विचारलं, “कुठली बादली?”
“निळी. कडीला चिंधी बांधलेली.”
घरी आलो. आणखी काही नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार
बादली निळी होती. कडीला चिंधी होती.

१८ ऑक्टोबर, बुधवार
साबिनाकडे जाऊन सांगितलं. लिहून काढण्यापेक्षा सांगणं अवघड गेलं.
ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली. “चरबी? तुला ती चरबी वाटली?”
“करडी होती. गोठलेली.”
“वास घेऊन बघायचास की रे! प्रयोगशाळेत जाताना चौतीस वर्षं नाक घरी ठेवून जायचास?”
तिने आणखी दोन बटाटे सोलले. मग आवाज उतरला.
“आईची पद्धत ती. लढाईनंतर मेण कुठे होतं? ती गोळा करायची आणि आम्ही दोघी बरण्या धरायचो. मी सोडून दिलं, मला लाज वाटायची. ओतिलियाला नाही वाटली.”
“मला का नाही सांगितलं?”
“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?”
मी विचार केला. म्हणालो असतो, की हे स्वच्छ नाही आणि यात काय काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. साबिनाला हे बोलून दाखवलं नाही. तिला ते कळलं असावं.
दर नोव्हेंबरात ओतिलिया नखांत काळं घेऊन यायची. म्हणायची, थडगी साफ करत होते. मी साबण पुढे करायचो.
निघताना साबिना म्हणाली, “लोक आता थडगी साफ करायला लागलेत. वर्षभराच्या जुन्या बरण्या शनिवारी बाहेर पडतील. बघ, जमतंय का.” आणि थोड्या वेळाने, “नाहीतर मी येते.”
तिचे गुडघे बघता मी नको म्हणालो.

२१ ऑक्टोबर, शनिवार
आठ ते तीन, फाटकाशी. नवी बादली, बोथट सुरी.
पहिला तास मी डब्यांच्या मागच्या बाजूला उभा होतो, म्हणजे रस्त्यावरून दिसू नये. पण बरण्या पुढच्या बाजूला होत्या. शेवटी पुढे आलो.
दहाला गेरार्द आला, जुन्या खात्यातला. बायकोसोबत होता. माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, “काय रे लेओनार्द, पेन्शन पुरत नाही वाटतं?”
मी म्हणालो, “ओतिलियाचा दिवा करतोय.”
त्याचा चेहरा उतरला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मग तो गेला, पाच मिनिटांनी परत आला. हातात तीन बरण्या, बुडाशी लाल मेण. “आमच्या म्हातारीच्या आहेत,” म्हणाला. “तिला बडबड फार आवडायची. दिवा तडतडला तर समजून घे.”
त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. पेलागियाबाईंनी कुणाला काही सांगितलं का, ठाऊक नाही. लोक फळीवर बरण्या न ठेवता सरळ माझ्याकडे आणू लागले. “हे वडिलांचं.” “हे मुलाचं, हिरवं आहे, चालेल ना?” एका म्हाताऱ्याने बरणी दिलीच नाही. हातात धरून उभा राहिला, मी खरवडलं, मग बरणी पुसून खिशात घातली. चार जणींनी सांगितलं की ओतिलिया त्यांना नावाने ओळखायची. मी त्यांतली एकही ओळखत नव्हतो.
प्रत्येक बरणीत थोडंच निघतं. नखाएवढं, कधी नाण्याएवढं. तीनला बादली अर्धी भरली होती.
किती जणांचं असेल? दोनशेच्या पुढे मोजणं थांबवलं. मी मोजणं थांबवतो असं सहसा होत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार
मेण गरम पाण्यात डबा ठेवून वितळवलं. लाल, पांढरं, हिरवं, जांभळं. आधी रंग वेगवेगळे तरंगत होते, मग एक झाले. जळक्या वातींचे तुकडे आणि माती तळाशी बसली. ओतिलियाच्या एका पायमोज्यातून गाळलं. तो कपाटातून काढायला वेळ लागला. गाळलेलं मेण तांबूस करडं, चहात थोडं दूध पडल्यासारखं.
आता अडचण अशी. हे मेण कोणतंच नाही. कितव्या अंशाला वितळतं हे एकदा मोजलं, दुसऱ्यांदा वेगळं आलं. पुस्तकातला कुठलाही तक्ता लागू पडत नाही. आणि दर वर्षी मिश्रण वेगळंच होत असणार. मग ती वात कशी निवडायची?
साबिनाला फोन केला.
“निवडायची काय? लावून बघायची.”
“कुठे?”
“तेच तर मघापासून… अरे, खिडकीबाहेर! कठड्यावर. थंडीत. म्हणून तर हसले होते मी. तुझ्या स्वयंपाकघरात कुणाला पुरलंय का?”
फोन ठेवून खिडकी उघडली. कठड्यावरच्या कुंड्या उचलून आत घेतल्या.
दगडावर वर्तुळं आहेत. बरणीच्या बुडाएवढी. एकात एक, एकावर एक, कडेपर्यंत. काही काळी, काही नुसती मेणकट, बोट फिरवलं तरच लागणारी.
ही वर्तुळं मी रोज बघत होतो. दर वसंतात मी कुरकुर करायचो, की कुंड्यांमुळे दगड खराब होतोय, खाली बशा ठेव. ती “बरं” म्हणायची. बशा ठेवायची. वर्तुळं वाढत राहायची. मी बशांचा आकार मोजून दाखवला होता एकदा.
अडतीस वर्षं आम्ही या घरात आहोत. साठ वर्तुळं मोजता आली, त्याखालची एकमेकांत मिसळली आहेत. एवढ्या चाचण्या. नोंदवही नाही, तक्ता नाही, आणि दिवा एकदाही विझला नाही. प्रयोगशाळेत माझे नमुने वर्षातून दोनदा चुकायचे.
खिडकी बराच वेळ उघडी राहिली. खोली थंड झाली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार
कठड्यावर तीन दिवे, तीन सुट्या जुड्यांतली एकेक वात.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
तिन्ही फसले. पहिल्यात विहीर. दुसरा अकरा तासांनी स्वतःच्याच तळ्यात बुडाला. तिसरा एवढा धुरकट की समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, “सगळं ठीक आहे ना हो?” मी ठीक आहे म्हणालो. “नाही, ओतिलियाबाईंचा दिसायचा तसा दिवा दिसला, म्हणून म्हटलं.” म्हणजे त्यांनाही माहीत होतं.
उद्या काय करायचं ठाऊक नाही. पाच दिवस उरले.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
चौथी जुडी. पहाटे अंथरुणातच आठवलं, की त्या वाती दोन-दोन बांधलेल्या होत्या. मी सोडवल्या होत्या.
दोऱ्याचे तुकडे वातींच्या डब्यात सापडले. काहीच टाकायचं नाही असं ऑक्टोबरच्या मध्यापासून ठरवलंय, पण हे त्याआधी कसे वाचले कळत नाही. दोन वाती शेजारी शेजारी ठेवून बांधल्या. माझ्या बोटांनी गाठ जाड येते. तिची अगदी बारीक असते.
नऊला लावला. दोन छोट्या ज्योती. वीस मिनिटांनी एकमेकींकडे झुकल्या आणि त्यांची एकच ज्योत झाली.

२८ ऑक्टोबर, शनिवार
दुपारी चारला शांत झाला. एकतीस तास. बरणी स्वच्छ.
साबिनाला कळवलं. ती म्हणाली, “हं.” मग नाक शिंकरण्याचा आवाज आला. मग म्हणाली, “कोबीचा डबा अजून परत दिला नाहीस.”

३० ऑक्टोबर, सोमवार
चार बरण्या ओतल्या. थंड होताना मध्ये खळगा पडतो, तो पुन्हा भरला. थोडं मेण उरलं, त्यातून पाचवी बरणी झाली. ती मोठ्या क्रॉसपाशी ठेवीन. या वर्षी तो दिवा जाणार नव्हता, हे मला आधी खटकलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, बुधवार
अकराला लावले. आधी तिचे आईवडील, माझे आईवडील, साबिनाचा नवरा, मोठा क्रॉस. ओतिलियाचा शेवटी, अकरा वाजताच. झाकण बसवलं. वारा नव्हता.
संध्याकाळी पुन्हा गेलो. दर वर्षी जातो. दर वर्षी गर्दीतून ओतिलियाच्या मागे मागे चालायचो आणि घरी कधी जायचं एवढंच बघायचो. आज पहिल्यांदा वर दफनभूमीच्या टेकडीच्या टोकापर्यंत चढलो आणि वळून पाहिलं.
टेकडी पेटलेली नव्हती. पेटल्यासारखी दिसते असं लोक म्हणतात, पण पेटलेलं हलतं, आवाज करतं. हे स्थिर होतं. हजारो दिवे, झाडांच्या खोडांना खालून उजेड, आणि हवा गरम. नोव्हेंबरात टोपी काढावी लागली. मला आधी वाटलं की ताप आलाय. मग कळलं की ही उष्णता खालून येतेय. हजारो ठिकाणी मेण वितळत होतं आणि आवाज न करता वर चढत होतं. लोक हळू आवाजात बोलत होते, मुलंसुद्धा.
मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. घड्याळ पाहिलं नाही.
खाली आलो तेव्हा ओतिलियापाशी एक बाई उभ्या होत्या, मुलाचं हिरवं मेण दिलेल्या. त्यांनी विचारलं, “यात आमच्या यानुशचंही आहे ना?”
“आहे,” मी म्हणालो.
त्या वाकल्या आणि काचेला तळहात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “गरम आहे.” आणि गेल्या.

२ नोव्हेंबर, गुरुवार
चारला साबिनासोबत गेलो. पाचही दिवे जळत होते. आजूबाजूचे बरेच विझले होते. साबिना दगडावर रुमाल टाकून बसली, बहिणीशी थोडं बोलली, माझी तक्रार केली. “तुझी बादली फेकून दिली ग याने,” म्हणाली. “पण दिवा बरा केलाय. गाठ जाड आहे. चालेल.” साडेपाचला गेरार्दने तिला गाडीतून घरी सोडलं.
मी थांबलो. मेण बोटाच्या पेराएवढं उरलं होतं, सगळं वितळलेलं, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात वात एका बाजूला कलली होती. सहाला ज्योत बुटकी झाली, निळी झाली, आणि त्या दोन वाती पुन्हा वेगळ्या दिसू लागल्या. आधी एक गेली. दुसरी आणखी थोडा वेळ होती. सहा वाजून चार मिनिटं.
बरणी कोटाच्या आत धरून घरी आणली. पोचेपर्यंत कोमट होती.
कोट काढला. टेबलावर कागद पसरला. बोथट सुरीने बुडाशी उरलेलं खरवडलं, बादलीत टाकलं. कडीला चिंधी बांधली. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘ही चरबी नाही’ असं लिहून ती बादलीवर चिकटवली, आणि बादली तळघरात नेऊन ठेवली. मग सुरी धुतली.